सात किलोंत मावलेला माहितीपट

पहिला दिवस : पुणे ते कोल्हापूर

निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या दिग्दर्शकांच्या घरी दाराच्या कडीला ताणकाटा टांगलेला होता आणि कॅमेऱ्यापासून पायमोज्यांपर्यंत प्रत्येक वस्तू त्याला लटकवून मी तिचे वजन वहीत लिहून घेत होते. स्वस्त विमानप्रवासावर माहितीपट करायचा, तर आपणही त्याच तिकिटावर आणि त्याच सामानमर्यादेत प्रवास करायचा, असा सरांचा हट्ट होता. देशांतर्गत स्वस्त विमानसेवांमध्ये हातातल्या सामानाला साधारणपणे ७ किलो आणि विमानाच्या पोटात टाकायच्या सामानाला १५ किलो एवढी मुभा असते. आम्ही माणसे तीनच होतो : दिग्दर्शक, कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारी मी. म्हणजे हातात २१ किलो आणि पोटात ४५ किलो, एवढ्यात सगळा संसार बसवायचा होता.

पहिली काट बसली ती मोठ्या झूम लेन्सवर. तिच्याऐवजी २४, ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या तीन छोट्या लेन्स घेतल्या, आणि यापुढे झूम पायांनी करायचा आहे, असे सरांनी कॅमेरामनला बजावले. ट्रायपॉड पोटातल्या सामानात गेला. बॅटऱ्यांचा हिशेब मात्र उलटा असतो. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या पोटातल्या सामानात टाकता येत नाहीत, त्या हातातच न्याव्या लागतात, आणि त्यांची मर्यादा किलोत नव्हे तर वॉट-अवरमध्ये, म्हणजे साठवलेल्या विजेच्या मापात, मोजली जाते. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. चित्रीकरणाच्या बऱ्याच मोठ्या बॅटऱ्या ९८ वॉट-अवरच्या का असतात, हे कोडे मला त्या रात्री उलगडले : १४.८ व्होल्ट गुणिले ६.६ अँपिअर-अवर, म्हणजे विमानाच्या दारातून जेमतेम आत जाईल एवढीच. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावली आणि मग माझ्या माइकांसाठी हातातल्या सामानात ९०० ग्रॅम उरले.

खंबाटकी, सातारा, कराड असा नेहमीचा रस्ता धरून आम्ही संध्याकाळी कोल्हापुरात पोहोचलो. वाटेत काही टिपले नाही.

दुसरा दिवस : हुबळी आणि परत

स्वस्त विमानप्रवासाची भारतातली गोष्ट सांगायची, तर सुरुवात हुबळीपासून करावी लागते. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचे हुबळी आणि बंगळूर यांच्यामधले नियमित उड्डाण सुरू झाले. विमान एटीआर बनावटीचे, पंख्यावर चालणारे होते. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन या कंपनीने आपल्या प्रसिद्धीसाठी घेतला होता. चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला, सारे काही मुकाट पाहणारा तो गृहस्थ विमानाच्या तिकिटाशी जोडला जाणे, ही त्या काळी गंमत वाटावी अशीच गोष्ट होती. १ रुपयाची तिकिटेही या कंपनीने विकायला काढली होती. पुढे २००७ मध्ये किंगफिशरने तिच्यात मोठा वाटा घेतला, नाव बदलले, आणि २०१२ मध्ये किंगफिशरचीच उड्डाणे बंद पडली.

प्रश्न असा होता, की ही गोष्ट दाखवायची कशी? जुने चलच्चित्र विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि नट उभे करून प्रसंग पुन्हा रचण्याला सरांचा ठाम विरोध होता. त्यांचे म्हणणे असे, की जागा आहे तशी दाखवावी आणि काळ आवाजातून सांगावा. म्हणून गोकुळ रोडवर, विमानतळाच्या बाहेर सार्वजनिक रस्त्याच्या कडेला आम्ही ट्रायपॉड रोवला, ८५ मिलिमीटरची लेन्स लावली आणि एक विमान उतरेपर्यंत कॅमेरा जराही न हलवता थांबलो. चौकटीत रस्ता, एक चहाची टपरी, दोन रिक्षा आणि वरच्या कोपऱ्यात रिकामे आकाश. विमान येऊन गेले तेव्हा टपरीवरच्या एकानेही मान वर केली नाही. २००३ मध्ये केली असणार. ती न वळलेली मान हाच आमचा इतिहासाचा शॉट, असे सर म्हणाले. मला तो पटायला दोन दिवस लागले, कारण माझ्या कानात त्या वेळी फक्त रिक्षाचे इंजिन भरले होते आणि त्यामुळे विमानाचा आवाज वाया गेला होता.

तिसरा दिवस : उजळाईवाडी

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये तो सुरू झाला, आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. दगडी कमानींचा भास देणारी ती इमारत कॅमेऱ्याला फार आवडते, आणि म्हणूनच तिच्यापासून जपून राहावे लागते. कॅमेरामनने सकाळच्या उन्हात कमानींचे सहा शॉट घेतले. सरांनी ते सहाही पाहिले, कौतुक केले आणि त्यांतला एकही वापरायचा नाही, असे सांगितले.

विमानतळावर चित्रीकरण करायचे तर रीतसर परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी सुरक्षा तपासणीच्या जागेकडे कॅमेरा वळवता येत नाही. ड्रोनचा विचारही करायचा नसतो. आम्हाला विमाने उभी राहतात त्या मोकळ्या जागेवर, म्हणजे अ‍ॅप्रनवर, एका ठरावीक पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभे राहायला मिळाले, अंगात चमकणारी जाकिटे आणि सोबत एक अधिकारी. तिथे आम्हाला एकच गोष्ट टिपायची होती : आलेले विमान पुन्हा उडेपर्यंत जमिनीवर काय होते.

स्वस्त तिकिटाचे गणित या वेळेत दडलेले आहे. विमान हवेत असते तेवढाच वेळ ते पैसे मिळवते, जमिनीवर उभे असते तेव्हा नुसते खात असते. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीवर आपल्या चार विमानांपैकी एक विकण्याची पाळी आली, तेव्हा चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांत बसवण्यासाठी तिच्या लोकांनी जमिनीवरचा मुक्काम दहा मिनिटांवर आणून दाखवला. पुढच्या बहुतेक स्वस्त कंपन्यांनी या ना त्या रूपात हाच धडा गिरवला. एटीआरसारख्या छोट्या विमानाला आपल्याकडे आणखी एक सवलत मिळते : ८० पेक्षा कमी आसनांचे विमान देशांतर्गत नियमित सेवेत असेल, तर त्याला उतरण्याचे शुल्क माफ असते.

मुख्य कॅमेरा ३५ मिलिमीटरच्या लेन्ससह ट्रायपॉडवर पक्का बसवला. शेपटीपासून नाकापर्यंत अख्खे विमान चौकटीत मावेल आणि डावीकडे माणसे यायला थोडी जागा उरेल, अशी आखणी केली. दुसरा कॅमेरा ८५ मिलिमीटर लावून हातात ठेवला. वेळ सकाळचीच निवडली होती, कारण दहा-साडेदहानंतर तापलेल्या डांबरावरून उठणारी हवा लांबच्या चित्राला पाण्यातल्यासारखे हलवू लागते आणि त्यावर कोणताही फिल्टर चालत नाही. मी स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले.

विमान येऊन थांबले. चाकांना पुढून-मागून लाकडी अडसर लागले. भोवती नारिंगी शंकू मांडले गेले. मग एका माणसाने शेपटीखाली एक सरळ दांडा उभा केला. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, आणि दाराशी गर्दी झाली तर विमान शेपटीवर बसू नये म्हणून हा टेकू लागतो. कुणाही अभियंत्याला ही गोष्ट साधी वाटेल, पण ७०-८० माणसांना घेऊन आकाशातून आलेले यंत्र जमिनीवर येताच काठीचा आधार घेते, हे पाहून कॅमेरामनने हातातला कॅमेरा थेट त्या दांड्यावर नेला. आमच्या सगळ्या चित्रीकरणात आपणहून, कुणी न सांगता घेतलेला हा त्याचा सर्वांत चांगला शॉट आहे.

आवाजाची गंमत वेगळीच होती. उजव्या बाजूचा पंखा थांबलेला दिसत होता, तरी इंजिनाची शीळ चालूच होती. या विमानाला जमिनीवर वीज पुरवणारे वेगळे छोटे इंजिन नसते, म्हणून उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन तसेच चालू ठेवण्याची सोय त्यात केलेली आहे. म्हणजे चित्रात पंखा स्तब्ध आणि ध्वनीत इंजिन जिवंत. प्रेक्षकाला ही माझी चूक वाटेल, अशी मला धास्ती होती. सरांनी सांगितले, की वाटू दे, कारण जे आहे ते तसेच आहे.

उतारू उतरले. सामानाची गाडी लागली. मग खिडक्यांच्या रांगेतून आतली विमानसेविका दिसू लागली : पहिल्या खिडकीत वाकली, कागद उचलला, पट्टे आडवे टाकले, दुसऱ्या खिडकीत दिसली, पुन्हा वाकली. स्वस्त विमानसेवांत झाडलोटीसाठी वेगळी माणसे चढत नाहीत, बरेचसे आवरणे विमानातले कर्मचारीच उरकतात. बाहेरून पाहताना त्या दहा-बारा खिडक्या म्हणजे चित्रपटाच्या फितीवरची चित्रेच झाली होती आणि त्यांतून एकच बाई पुढे पुढे सरकत होती. नवे प्रवासी रांगेने चालत आले. टेकू निघाला, शंकू निघाले, अडसर निघाले. माझ्या घड्याळात २६ मिनिटे झाली होती.

संध्याकाळी लॉजवर यावरून वाद झाला. कॅमेरामनचे मत होते, की ही २६ मिनिटे टाइमलॅप्सने २० सेकंदांत दाखवावीत, प्रेक्षकाला चपळाई कळेल. मी नेहमी त्याच्या बाजूने असते, पण या वेळी मला ते मान्य होईना. टाइमलॅप्समध्ये माणसे मुंग्यांसारखी धावतात, आणि मी तर पूर्ण वेळ पाहत होते, तिथे एकही माणूस धावला नव्हता. शंकू ठेवणारा सावकाश वाकत होता, सामानवाला प्रत्येक बॅग दोन्ही हातांनी घेत होता. वेळ वाचत होता तो घाईने नव्हे, तर एकाचे काम संपण्याआधी दुसऱ्याचे सुरू झालेले असल्यामुळे. चित्र जलद केले की घाई दिसते आणि ही गुंफण पुसली जाते. सरांनी चार मिनिटांचा एक सलग तुकडा न कापता ठेवायचे ठरवले : टेकू लागण्यापासून विमानसेविका शेवटच्या खिडकीत पोहोचेपर्यंतचा. चार मिनिटे स्थिर चौकट कोण पाहील, ही कॅमेरामनची शंका अर्थात खरी होती आणि तिचे उत्तर त्या रात्री कुणाकडेही नव्हते.

आणखी एका शॉटचीही त्या दिवशी वासलात लागली. २०१७ च्या एप्रिलमध्ये शिमला-दिल्ली उड्डाणाने छोटी शहरे स्वस्त विमानसेवेने जोडणारी सरकारी उडान योजना सुरू झाली, तेव्हा हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात दिसला पाहिजे, असे पंतप्रधान म्हणाले होते. साहजिकच टर्मिनलमध्ये कॅमेरा जमिनीलगत ठेवून चप्पल, वहाणा, बूट आणि सँडल टिपण्याचा मोह आम्हालाही झाला. कोल्हापुरात तर पायांत अस्सल कोल्हापुरी सापडतात. शॉट देखणा आला आणि त्यातच त्याचे मरण होते : माणसाचा चेहरा टाळून त्याचे पाय दाखवले, की त्याच्या गरिबीचे प्रदर्शन होते, आणि ज्यांचे पाय आम्ही टिपले त्यांपैकी कुणी आपण गरीब असल्याचे आम्हाला सांगितले नव्हते.

चौथा दिवस : कोल्हापूर, हैदराबाद, तिरुपती

ज्या कुटुंबाबरोबर प्रवास करायचा होता ते करवीर तालुक्यातले : सत्तरीच्या आजी, त्यांचा शेतकरी मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. निघाले होते बालाजीला. कोल्हापूरची अंबाबाई आणि तिरुपतीचा बालाजी यांची सांगड इथल्या लोकांच्या मनात पक्की असते. भृगू ऋषींनी विष्णूला लाथ मारल्यावर रुसून आलेली लक्ष्मी करवीरात राहिली, अशी कथा आहे. नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो, आणि बालाजीचे दर्शन घेतलेला माणूस अंबाबाईला गेल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे मानीत नाही. या मार्गावरच्या रेल्वेगाडीचे नावच मुळी हरिप्रिया एक्सप्रेस आहे. आजी त्या गाडीने आधी जाऊन आल्या होत्या : एक दिवस आणि एक रात्र, दशम्या बांधून घेऊन. विमानात त्या पहिल्यांदाच बसणार होत्या.

विमानात बिनतारी माइक वापरता येत नाही, कारण तो रेडिओलहरी सोडणारे साधन आहे. त्याला उपाय म्हणजे काडेपेटीएवढे रेकॉर्डर : माइक पदराच्या आत, तार आतून, आणि रेकॉर्डर कमरेच्या पिशवीत, जो काहीही प्रक्षेपित न करता आपल्यापुरते टिपत राहतो. अडचण उरते ती आवाज आणि चित्र नंतर जुळवण्याची. एरवी आपण टाळी वाजवतो किंवा पाटी आपटतो, पण विमानात टाळी वाजवली तर पन्नास माना वळतील. मग मला सुचले, की आसनाच्या पट्ट्याचा खटका कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो आणि माइकमध्ये स्पष्ट ऐकू येतो. तोच आमची पाटी झाला. आजींचा पट्टा मी लावू लागले, तेव्हा त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “लई आवळू नगं पोरी, कासोटा सुटंल.” खटका आणि हे वाक्य, दोन्ही आवाजात आले आहे.

जागा आम्ही विचार करून निवडल्या होत्या. सकाळी कोल्हापूरहून पूर्वेला जाताना ऊन विमानाच्या उजव्या बाजूला येते, म्हणून कुटुंबाला डावीकडच्या दोन रांगा दिल्या : उत्तरेकडचा मऊ, सावलीतला उजेड. एटीआरमध्ये दोन्हीकडे दोन-दोन आसने असतात, मधले आसन नसते, त्यामुळे मार्गिकेच्या पलीकडून ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये खिडकीजवळच्या आजी आणि त्यांच्याशेजारी मुलगा, दोघेही नीट येतात. खिडकीच्या प्रकाशापुढे चेहरे काळे पडत होते. दिवा लावण्याचा प्रश्न नव्हता. आजींच्या मुलाने डोक्यावरची पांढरी टोपी काढून समोरच्या छोट्या मेजावर ठेवली आणि तिच्यावरून उलटलेल्या उजेडाने आजींची हनुवटी, गाल, नथ सगळे उजळले. कॅमेरामन माझ्याकडे पाहून नुसता हसला. हजारो रुपयांचे परावर्तक आम्ही वजनापायी घरी ठेवून आलो होतो.

एवढ्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिडकीत इंद्रधनुष्याचे पट्टे उमटले, जांभळे, हिरवे, तेलावर पसरतात तसे. कॅमेरामनचा चेहरा उतरला. टर्मिनलच्या काचेवरचे प्रतिबिंब कापण्यासाठी त्याने आदल्या दिवशी पोलरायझर लावला होता आणि तो काढायचा राहिला होता. विमानाची खिडकी काचेची नसते, ताण देऊन घडवलेल्या अ‍ॅक्रिलिकची असते, आणि त्या ताणाच्या रेषा पोलरायझरमधून रंगांच्या रूपाने दिसू लागतात. फिल्टर काढला आणि रंग गेले, पण टोपीच्या उजेडातले पहिले दीड मिनिट त्या पट्ट्यांसकटच राहिले.

खिडकीतून बाहेरचे टिपताना लेन्स खिडकीला टेकवायची नसते, नाहीतर विमानाची सगळी थरथर चित्रात उतरते. दोन बोटे अंतर ठेवायचे, भोवती काळा रुमाल धरायचा म्हणजे आतल्या वस्तूंचे प्रतिबिंब पडत नाही, आणि लेन्सचे छिद्र मोठे ठेवायचे म्हणजे खिडकीवरचे ओरखडे विरघळून जातात. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असल्याने खालची जमीन मोकळी दिसते : उसाचे हिरवे चौकोन, मधूनच गुऱ्हाळाचा धूर, पंचगंगेचे वळण. नातवाला आपले शेत दिसले अशी त्याची खात्री होती आणि कुणी त्याला खोडून काढले नाही.

पंखा टिपणे हा स्वतंत्र विषय आहे. उड्डाणाच्या वेळी त्याची पूर्ण गती मिनिटाला १२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला २० असते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढे जलद ठेवले, तर त्या क्षणात पाते जेमतेम साडेतीन अंश फिरते, आणि कॅमेरा चित्र वरून खाली ओळीओळीने वाचत असल्यामुळे पाती विळ्यासारखी वाकलेली, कधी तुटून हवेत तरंगणारी दिसतात. मोबाइलवर सर्रास दिसणारी ती जादू हीच. शटर पन्नासाव्या भागावर आणले, तर तेवढ्या वेळात पाते १४४ अंश फिरते, सहा पात्यांमधले अंतर ६० अंशांचेच असते, त्यामुळे सगळे मिसळून एक धूसर तबकडी होते, डोळ्याला दिसते तशी. पण भर उन्हात शटर एवढे सावकाश ठेवायचे तर लेन्सपुढे गडद एनडी फिल्टर हवा, म्हणजे कॅमेऱ्याला गॉगलच. तो २० ग्रॅमचा तुकडा माझ्या यादीत सर्वांत शेवटी चढला होता, हे मला त्या वेळी आठवले.

माझी स्वतःची लढाई पंख्याच्या आवाजाशी होती. वर गेल्यावर पंख्याची गती ८२ टक्क्यांवर, म्हणजे मिनिटाला ९८४ फेऱ्यांवर येते. सहा पात्यांनी गुणले, की सेकंदाला सुमारे ९८ थाप, म्हणजे खालच्या पट्टीतला एक अखंड सूर. आजींचा आवाज त्याच्या वर सहज तरंगत होता. मुलाचा खर्जातला आवाज मात्र नेमका त्याच सुरावर बसला होता. ती घरघर कापावी, तर माणसाचा आवाजही पोकळ होतो. शेवटी मी माइक त्याच्या छातीवरून काढून टोपीच्या कडेत खोचायला दिला, ओठांच्या अधिक जवळ, आणि बाकीचे संकलनाच्या टेबलावर सोडून दिले.

विमानात प्रवाशाने चित्रीकरण करावे की नाही, याबद्दल लोकांच्या मनात गोंधळ असतो. प्रवाशाला त्याची मुभा आहे, परंतु सुरक्षिततेला किंवा विमानातल्या शिस्तीला बाधा आणणारी साधने चालत नाहीत, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आमच्याजवळ कंपनीची संमती होती, तरी एका सहप्रवाशाने आपला चेहरा येता कामा नये, असे सांगितले, आणि त्याच्या बाजूची अर्धी चौकट आम्ही कायमची गमावली.

हैदराबादला विमान बदलले आणि दुपारी रेणिगुंट्याला, म्हणजे तिरुपतीच्या विमानतळावर, उतरलो. दशम्यांची पिशवी उघडलीच गेली नव्हती. ती बाहेरच्या कट्ट्यावर उघडली, आणि ते जेवण आम्ही टिपले नाही, कारण आम्हीच जेवत होतो.

पाचवा दिवस : तिरुमला

देवळात कॅमेरा, मोबाइल, रेकॉर्डर काहीही नेता येत नाही. सगळे कुलपात ठेवून आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो, आणि कॅमेरा नसला की आपले डोळे किती आळशी होतात, याचा अनुभव घेतला. या दिवसाचे चित्र आमच्याजवळ नाही. माहितीपटात तो एका वाक्याचा मजकूर होऊन येणार आहे.

सहावा दिवस : परत

आजींच्या मुलाने आणि नातवाने मुंडण केले होते, आणि डोक्यांवर चंदनाचा पिवळा लेप होता. विमानतळावरच्या वजनकाट्यावर त्यांची बॅग मर्यादेच्या वर गेली, कारण आत शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घेतलेले लाडू होते. आमचीही ट्रायपॉडची बॅग वर गेली. तिचे पैसे आम्ही मुकाट भरले. लाडवांचे काही सूनबाईंच्या पर्समध्ये, काही नातवाच्या दप्तरात गेले, आणि दोन लाडू काउंटरच्या पलीकडच्या मुलीच्या हातावर प्रसाद म्हणून पडले. ते टिपायला आम्हाला परवानगी नव्हती.

सरांच्या मनात पहिल्या दिवसापासून एक जोडशॉट होता : जातानाची चौकट आणि येतानाची चौकट, तंतोतंत एक, फक्त माणसे बदललेली. त्यासाठी मी जाताना सगळे टिपून ठेवले होते : ३५ ची लेन्स, आजींच्या डोळ्यांच्या रेषेपासून एक वीत खाली, पुढच्या आसनाची कड चौकटीच्या काठाला लागून. हैदराबादहून कोल्हापूरच्या विमानात जागाही त्याच मिळाल्या. पण विमान आता पश्चिमेला तोंड करून निघाले होते आणि वेळ दुपारी साडेतीनची होती. डावी बाजू, जी जाताना सावलीत होती, ती आता थेट उन्हात आली. चौकट जुळवायची तर उजेड जुळत नव्हता. उजेड जुळवायला उजवीकडे बसवावे, तर चौकट आरशातल्यासारखी उलटी होणार. कॅमेरामनने उलट्या चौकटीचा आग्रह धरला, आणि तांत्रिकदृष्ट्या तोच बरोबर होता. सरांनी जागा बदलल्या नाहीत.

कोल्हापूर जवळ आले तसे विमान वळू लागले आणि खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन आसनांवरून सरकत निघाला. आधी आजींच्या नथीवर आला, मग मुलाच्या लेप लावलेल्या डोक्यावर, तिथून मागच्या रांगेतल्या नातवाच्या, आणि पुढे, आमच्या लक्षातही आले नव्हते अशा आणखी तीन-चार रांगांतल्या तुळतुळीत डोक्यांवर. अर्धे विमान बालाजीहून परत येत होते. कॅमेरामनने चौकट हलवली नाही. त्याच्या खांद्याच्या स्नायूंना कंप सुटलेला मला दिसत होता.

आवाजाच्या बाजूने माझी फजिती झाली ती निघतानाच. आजींच्या पदराला माइक लावून मी रेकॉर्डर सुरू करण्यासाठी पिशवी शोधत होते, तोवर त्यांनी स्वतःच पट्टा ओढला, खटका वाजवला आणि म्हणाल्या, “आता काय शिकवायचं हाय मला? येतंय की.” हे वाक्य आणि तो खटका, दोन्ही फक्त माझ्या कानांत राहिले. त्या उड्डाणाचा आवाज आणि चित्र मग मी कोल्हापूरच्या धावपट्टीवर चाके टेकली, त्या ठोक्यावरून मागे मागे जात जुळवले.